हात मोकळे हवेत

(मुळशी तालुक्यातील बचत गटांच्या आणि कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात एका क्रीडाशिक्षिकेने केलेले भाषण.)

सकाळपासून इथं रेशन कार्डावर बोलणं झालं, सातबाऱ्यावर बाईचं नाव कसं लावायचं यावर झालं, दारूच्या दुकानावर झालं. आता जेवणाआधीची वेळ मला दिली आहे आणि फळ्यावर विषय लिहिला आहे ‘मुली आणि खेळ’. विषय फार मोठा आहे, तो माझ्याच्यानं एवढ्या वेळात व्हायचा नाही. मी एकच गोष्ट सांगणार आहे. बास्केटबॉलमध्ये बॉल हातात आल्यापासून तो रिंगकडे सुटेपर्यंत जो वेळ जातो, तो कमी कसा करायचा. तुम्ही म्हणाल, हे आम्हांला कशाला? ते तर पी.टी.च्या तासाचं काम. मलाही चार महिने तसंच वाटत होतं, म्हणूनच आज सांगायला उभी राहिले आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जमिनीपासून दहा फूट, म्हणजे ३.०५ मीटर उंचीवर लोखंडाची रिंग असते. तिचा व्यास ४५ सेंटीमीटर, घरातल्या मोठ्या परातीएवढा धरा. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू. बॉल वरून रिंगमध्ये पडला की गुण. मुलींचा बॉल सहा नंबरचा, मोठ्या मुलांच्या बॉलपेक्षा थोडा लहान, अर्ध्या किलोपेक्षा जरा जास्त वजनाचा.

आता वेळेचा हिशेब बघा. मी रिंगसमोर उभी आहे, मैत्रिणीनं माझ्याकडे बॉल दिला. मला अडवणारी मुलगी तीन मीटरवर आहे. ती धावत सुटली तर सेकंदाला चार मीटर सहज येते, म्हणजे पाऊण सेकंदात माझ्या नाकासमोर. मला बॉल सोडायला सव्वा सेकंद लागत असेल, तर तोवर ती येऊन, हात वर करून उभी असते. पाऊण सेकंदाच्या आत सोडला, तर ती अजून वाटेत असते. अर्ध्या सेकंदाचा फरक, पण त्यावर ठरतं की मी बॉल टाकणार की मागं फिरून दुसरीला देणार. ज्या मुलीचा हात हळू, ती हळूहळू टाकायचंच सोडून देते. सगळ्या सामन्यात ती धावत असते, घामाघूम होते, आणि रिंगकडे एकदाही बघत नाही.

मी स्वतः १९८०च्या दशकात पुण्यात कॉलेजकडून खेळले. आम्हांला शिकवलं होतं की मुलींच्या हातात जोर नसतो, तेव्हा बॉल दोन्ही हातांनी छातीपासून ढकलायचा. आम्ही तसंच केलं. छातीपासून ढकललेला बॉल खालून निघतो, त्याला वेळ लागतो आणि समोरची त्याला सहज हात लावते. मग आमचे बॉल अडवले जात, आणि लोक म्हणत, बघा, मुलींना जमत नाही. जोर हातातून येत नाही, तो पायातून येतो, हे मला पुढं शिक्षिका झाल्यावर कळलं. आणि पायाच्या जोराबद्दल मुळशीच्या मुलींना कुणी काही सांगायला नको. चढावरून पाण्याचा हंडा आणणारी, दिवसभर चिखलात वाकून लावणी करणारी पोर. तिच्या पायात जोर नाही, हे म्हणायचं कुणी?

मग मी जरा मागचा इतिहास शोधला. हा खेळ १८९१ साली अमेरिकेत जेम्स नायस्मिथ यांनी काढला. दुसऱ्याच वर्षी, १८९२मध्ये, सेंडा बेरेन्सन नावाच्या बाईंनी तो स्मिथ कॉलेजातल्या मुलींना शिकवला. तो काळ असा, की बाईनं धावणं, घाम गाळणं हेच शोभत नाही असं मानत. बेरेन्सनबाईंनी त्यातून वाट काढली, मुलींसाठी वेगळे नियम केले. मैदानाचे तीन भाग करायचे आणि प्रत्येकीनं आपल्याच भागात राहायचं. दुसरीच्या हातातून बॉल हिसकायचा नाही. बॉल तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही, तीनपेक्षा जास्त वेळा आपटायचा नाही. त्यांच्यामुळे मुली मैदानावर आल्या, हे त्यांचं मोठेपण आहेच. पण काळ बदलला तरी मुलींसाठी वेगळा, आखडलेला खेळ चालूच राहिला. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शाळेच्या मुलींचा सहा जणींचा खेळ १९९३पर्यंत चालू होता. त्यात तिघी फक्त टाकायच्या आणि तिघी फक्त अडवायच्या, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. म्हणजे अडवणारी मुलगी शाळेची सगळी वर्षं खेळली, तरी सामन्यात तिला रिंगकडे बॉल टाकायची संधीच नाही. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल १९३६ साली आला, बायकांचा १९७६ साली. चाळीस वर्षांनी.

आता आमच्या शाळेकडे येते. पौडच्या पुढं आमचं गाव. शाळेला मैदान आहे, मुरमाचं. रिंग एकच, पिरंगुटला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेली. पावसाळ्यात मैदानावर तळं साचतं, तेव्हा आम्ही व्हरांड्यात भिंतीवर बॉल मारतो, नाहीतर मुली उताण्या झोपून छतापर्यंत बॉल उडवतात आणि झेलतात. मुरमावर बॉल नीट उसळत नाही, म्हणून मी ठरवलं की आपल्या मुलींनी पास द्यायला आणि झटकन टाकायला शिकायचं. आपटत पळण्यात त्या शहरातल्या मुलींना गाठणार नाहीत, पण झेलण्या-टाकण्यात गाठू शकतील.

त्यात एक मुलगी होती, तेव्हा नववीत. नाव सांगत नाही, ती आता पुण्याला शिकते आहे आणि तिचं नाव मी न विचारता सांगणं बरोबर नाही. नेम असा, की एकटी सराव करताना दहातले सात-आठ बॉल रिंगमध्ये. सामन्यात मात्र बॉल हातात आला की थांबायची, इकडं तिकडं बघायची, दुसरीला द्यायची. टाकलाच तर उशिरा.

मी काय केलं? जे सगळे करतात तेच. रेघेबाहेर उभी राहून ओरडले, “लवकर! लवकर टाक!” ती आणखी गडबडली. मग मी तिचं कोपर धरून बसले. कोपर बॉलच्या खाली हवं, तिचं बाहेर जायचं. चार महिने आम्ही कोपर सुधारत होतो. शंभर शॉट रोज. एकटी असताना सुधारायचं, सामन्यात परत तसंच.

त्याच काळात मी मुलींना शिकवण्यासाठी शॉटचे भाग पाडून घेतले होते. तेही सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या गावात रिंग असेल तर कामाला येतील.

पहिलं, बॉल यायच्या आधी गुडघे थोडे वाकलेले हवेत आणि हात छातीसमोर, पंजे उघडे. पास देणारीला तुमची दहाही बोटं दिसली पाहिजेत. दुसरं, बॉल हवेत असतानाच पाय रिंगकडे वळवायचे. बॉल हातात पडतो तेव्हा पाय टेकलेले हवेत, मग पाय जुळवायला वेगळा वेळ लागत नाही. तिसरं, बॉल छातीपाशी धरायचा आणि तिथूनच वर न्यायचा. ताल मिळावा म्हणून काही चांगल्या खेळाडू तो जरासा खाली घेतात, ते चालतं. पण कमरेपर्यंत नेला, तर तेवढं अंतर परत वर आणावं लागतं. चौथं, गुडघे सरळ होणं आणि हात वर जाणं एकाच वेळी, मध्ये थांबा नाही. पाचवं, उजव्या हातानं टाकणारीचा डावा हात नुसत्या आधाराला. शेवटी मनगट पुढं पडतं, बोटं खाली येतात, बॉल उलटा फिरत जातो. आणि हे सगळं रिंगच्या जवळून सुरू करायचं, पाच-सहा फुटांवरून. दहातले सात जायला लागले की एक पाऊल मागं.

यात घाई कुठंच नाही, हे लक्षात घ्या. हात जोरात फेकला म्हणून बॉल लवकर सुटत नाही. मधली नको ती हालचाल काढून टाकली की वेळ आपोआप वाचतो. म्हणून आधी शोधायचं, की नको ती हालचाल कुठं आहे.

ते मला दिसत नव्हतं. शेवटी मी तिच्या आईची परवानगी घेऊन, तिला सांगून, माझ्या फोनवर तिचा खेळ टिपला आणि सावकाश करून पाहिला. फोनमध्ये सेकंदाचे तीस तुकडे मोजता येतात. बॉल हातात आल्यापासून सुटेपर्यंत तिला छत्तीस तुकडे लागत होते, म्हणजे सव्वा सेकंदाला थोडं कमी. पण खरी गोष्ट त्याच्या आधी होती. बॉल तिच्याकडे निघाला की तिचा डावा हात खाली जायचा आणि टी-शर्टचा काठ ओढायचा. दर वेळी. मग तो हात वर यायला उशीर, म्हणून बॉल एका हातानं पोटाशी दाबून धरायचा, मग नीट पकडायचा, मग पोटापासून वर न्यायचा. कोपर बाहेर जात होतं ते त्यामुळं. मी चार महिने कोपर दुरुस्त करत होते आणि दुखणं टी-शर्टच्या काठाला होतं.

मी तिला तो व्हिडिओ दाखवला आणि इतर मुलींसमोरच म्हणाले, “अगं, लाजतेस कशाला? इथं कोण आहे बघायला?” ही माझी चूक. ती काही बोलली नाही. मुली पांगल्यावर थांबली आणि म्हणाली, “मॅडम, तुम्ही फोन धरला ना, तसाच ते पण धरतात.”

आमच्या मैदानाला भिंत नाही. एका बाजूला रस्ता आणि मोरीचा कठडा. संध्याकाळी तिथं पुरुष बसतात, काही मोठे, काही पोरं. मी त्यांना रोज बघत होते. गावातली माणसं बसलेली आहेत, एवढंच मला दिसत होतं. मुलींना दिसत होतं की हात वर केला, टी-शर्ट वर सरकला, की कठड्यावरचा फोन वर येतो. आणि मग रात्री तो कुणाकुणाच्या फोनवर फिरतो, ही भीती. मी विचारलं, “आधी का नाही सांगितलंस?” ती म्हणाली, “घरी कळलं तर खेळ बंद होईल.”

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्याला नवीन नाही. पाणवठ्यावर कुणी छेड काढली तर मुलगी घरी सांगत नाही, कारण तिचं पाण्याला जाणं बंद होत नाही पण शाळा बंद होते. एस.टी.त कुणी धक्का मारला तर सांगत नाही, कारण कॉलेज बंद होतं. त्रास देणारा जागच्या जागी राहतो आणि मुलगी तिथून उठवली जाते. म्हणून ती आपल्या परीनं तोड काढते. एका हातानं काठ धरते आणि दुसऱ्या हातानं खेळते.

मग आम्ही काय केलं ते सांगते. आधी कपड्यांचं. मला खरं तर हे करायला आवडत नव्हतं. बघणाऱ्याचा दोष आणि बदल मुलीच्या कपड्यात, हे काही खरं नाही. पण मुलींना विचारलं तेव्हा त्यांनीच सांगितलं की आतून लांब बनियन असला आणि तो पँटमध्ये खोचता आला तर बरं वाटेल. गटातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी ते शिवून दिले. मुलींना सोयीचं वाटलं, एवढ्यावर मी माझा वाद मिटवला.

दुसरं, कठड्याचं. शाळेकडे भिंत मागितली, पैसे नाहीत म्हणाले. मग गटाच्या बायकांनी ठरवलं की आपली आठवड्याची बैठक देवळात भरते, ती मैदानाच्या कडेला भरवू. पहिल्या दिवशी अकरा बायका येऊन कठड्यावरच बसल्या. कुणी तांदूळ निवडायला आणले, कुणी नातवंड आणलं. पुरुष आले, बघून परत गेले. दोघं-तिघं लांब उभे राहिले. एका मावशींनी त्यांना नावानं हाक मारली आणि विचारलं, “काय रे, तुझ्या बहिणीला पण घेऊन ये की खेळायला.” तिसऱ्या आठवड्यात कठडा बायकांचा झाला. आम्ही ग्रामसभेतही विषय मांडला आणि सांगितलं, की २०१२च्या पोक्सो कायद्यात वाईट हेतूनं अल्पवयीन मुलीवर वारंवार पाळत ठेवणं, तिचा पाठलाग करणं हा लैंगिक छळाचा गुन्हा आहे, आणि १०९८ या हेल्पलाइनवर कुणालाही फोन करता येतो. तक्रार करायची वेळ आली नाही. पण आम्हांला कायदा माहीत आहे, हे गावाला कळलं.

तिसरं, सराव. आणि हे शिकवलं तिच्या आईनं. ती कठड्यावर बसून बघत होती. मी मुलीला पुन्हा पुन्हा सांगत होते, हात आधी तयार ठेव. आई उठली आणि म्हणाली, “बाई, तिला लावणीचं सांगा. डाव्या हातात रोपाची मूठ असती. उजवा हात चिखलातनं वर येतो, तवर डाव्या अंगठ्यानं पुढच्या काड्या सुट्या करून ठेवलेल्या असत्यात. हात वर आल्यावर काड्या शोधत बसलं तर बाई मागं ऱ्हाती.” पोरीनं आईकडे बघितलं आणि हसली. लावणीत ती स्वतः आईच्या मागं राहत नव्हती. त्या दिवसापासून आम्ही रिंगशिवाय सराव केला. नुसतं झेलणं, दोन्ही हातांनी, छातीपाशी. दोनशे वेळा. मग रिंगजवळून टाकणं.

पहिला महिना वाईट गेला. जुनी सवय सुटली होती आणि नवी बसली नव्हती, त्यामुळे एकटीचा नेमही बिघडला. ती रडकुंडीला आली. तेव्हा मी तिला अमेरिकेच्या स्टीफन करीची गोष्ट सांगितली. शाळेत असताना तो बॉल कमरेपासून टाकायचा. वडील डेल करी स्वतः नामवंत खेळाडू. त्यांनी एका उन्हाळ्यात त्याचा शॉट मोडून वरून टाकायला लावला. त्या उन्हाळ्यात पोराला रिंगच्या अगदी जवळूनच टाकता येत होतं. पुढं तोच जगातला सगळ्यांत नावाजलेला लांबून टाकणारा झाला. त्याच्याशी २०२४ साली सॅब्रिना आयोनेस्कू या खेळाडूची जाहीर स्पर्धा झाली. ती पुरुषांच्या रेघेवरून, म्हणजे नेहमीपेक्षा लांबून टाकत होती. त्याचे २९ गुण, तिचे २६. हातात जोर नसतो म्हणणाऱ्यांना एवढं सांगा.

तीन महिन्यांनी पुन्हा तुकडे मोजले. छत्तीसचे बावीस झाले, पाऊण सेकंदाच्या आत. डावा हात काठाकडे गेला नाही. जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत आम्ही पहिलाच सामना सात गुणांनी हरलो. पण आधी जी मुलगी सामन्यात दोन-तीनदा टाकायची, तिनं चौदा वेळा टाकला. पाच आत गेले. नऊ चुकले, आणि चुकल्यावर तिनं मान खाली घातली नाही, परत मागितला. मला त्या नऊंचा जास्त आनंद झाला.

पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार होती, २०२१मध्ये अम्मानला झालेल्या आशिया चषकात. तिचा खेळ मी मुलींना फोनवर दाखवला. मला वाटलं, त्या तिच्या उंचीबद्दल नाहीतर वेगाबद्दल विचारतील. सातवीतल्या एकीनं विचारलं, “मॅडम, त्यांच्या मैदानाला भिंत असेल ना?”

त्यावर मी काय उत्तर देणार? भिंत अजून झालेली नाही. शेतीची कामं सुरू झाली की बायकांना बैठकीला यायला जमत नाही, आणि जून-जुलैत कठडा पुन्हा रिकामा होतो. तेव्हा मैदानावर पाणी असतं म्हणून निभावतं. पण ऑक्टोबरात मुली परत उतरतात आणि कापणीही तेव्हाच येते. मागच्या ऑक्टोबरात तीन आठवडे कठड्यावर बाई नव्हती, तर चौथ्या आठवड्यात आठवीतल्या दोघी सरावाला यायच्या थांबल्या. एक परत आली. दुसरी नाही आली.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. तुम्हांला खेळ शिकवायची गरज नाही, नियम माहीत असायचीही नाही. तुमच्या गावात मुली जिथं खेळतात, मग ती कबड्डी असो की खो-खो, तिथं आठवड्यातून एक संध्याकाळ जाऊन बसा. पाळी लावा, म्हणजे कापणीतही दोघी-तिघी निघतील. सोबत काम घेऊन बसा, गप्पा मारा. मुलींकडे सारखं बघायचीही गरज नाही. १९२१ साली याच मुळशीत धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात बायका घराबाहेर पडल्या होत्या. आपल्याला मोरीच्या कठड्यापर्यंत जायचं आहे.

आणि शाळेत मुली खेळताना बघाल तेव्हा एक करा. बॉल कुणाकडे आहे ते बघू नका. ज्या मुलीकडे अजून बॉल आलेला नाही, तिचे हात कुठं आहेत ते बघा. ओढणीला असतील, टी-शर्टच्या काठाला असतील, तर तिला ओरडू नका. ती कुणाकडे बघते आहे, ते आधी वळून बघा.

माझी वेळ संपली. ऑक्टोबरच्या पाळीसाठी वही दारापाशी ठेवली आहे, जाताना नाव लिहून जा.